शॉकअप आणि जवसाचं तेल

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, त्यांना आम्ही मिस्त्री लोक चिमटा म्हणतो. विस्तव धरायचा चिमटा असतो ना, तसाच दिसतो. माझ्या धंद्याच्या पहिल्या तीस वर्षांत या चिमट्यानं मला कधी त्रास दिला नाही. वाकला तर सरळ करायचा, तुटला तर नवा टाकायचा. त्यात उघडायला काही नव्हतं आणि बिघडायलाही काही नव्हतं. उंच, काळी, कॅरियरवर कापसाचं बोचकं घेऊन जाणारी सायकल असायची आणि तिचा मालक वर्षातून एकदा येऊन चाकातले छर्रे बदलून न्यायचा. मग शॉकअपवाल्या सायकली आल्या आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

माझं दुकान यवतमाळात, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे टिनाचा एक गाळा, पुढं कडुनिंब, कडुनिंबाच्या फांदीला साखळी आणि साखळीला टांगलेली कोणाची तरी सायकल. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मी रोज बसत नाही. या अंकाचं काम पाहणारे सर माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, “रामदासभाऊ, अनुभव लिहा.” मी म्हटलं, “सर, माह्या अनुभवाले ग्रीस लागलेलं असते, तुमचा कागद काळा होईन.” ते हसले, पण पिच्छा काही सोडला नाही. म्हणून लिहायला बसलो. पंक्चरच्या गोष्टी सांगणार नाही, त्या सगळ्यांना ठाऊक असतात. एका शॉकअपची सांगतो. त्यात एका बाईच्या हाताचा प्रश्न होता आणि चूक माझी होती.

आधी शॉकअप म्हणजे काय ते सांगू द्या, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. वर दोन चकचकीत नळ्या असतात आणि खाली दोन जाड पाय. नळ्या पायांत सरकतात, वर-खाली. एका बाजूला आत स्प्रिंग असते. भारी सायकलीत स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा. दुसऱ्या बाजूला तेल असतं. दबलेला शॉकअप एकदम उसळू नये, दमादमानं वर यावा, हे त्या तेलाचं काम. नळी जिथं पायात शिरते तिथं रबराचं सील आणि सीलच्या खाली तेलात भिजलेली स्पंजची कडी. बाहेरची धूळ आत जाऊ नये आणि नळी कायम ओलसर राहावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. चाक दगडावर गेलं की दगडाचा मार नळ्या गिळतात, तो तुमच्या हातापर्यंत येत नाही.

सांभाळायलाही फार अक्कल लागत नाही. सायकल फिरवून आणली की कोरड्या, स्वच्छ फडक्यानं नळ्या पुसा. चहा उकळेपर्यंत होऊन जातं. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्या. शॉकअप गुमान खाली गेला पाहिजे आणि गुमान वर आला पाहिजे. अडखळला की दुकानात आणा. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यापुढं सील धरू नका, पाणी आत जातं आणि तिथंच बसतं. नळीवर ग्रीस फासू नका, कसलं तेल चोळू नका, त्याला धूळ चिकटते आणि ती धूळ कानशीसारखी नळी घासते. पाचसहा महिन्यांनी एकदा खालचे पाय उतरवून आतलं सगळं पुसायचं, स्पंजच्या कड्या नव्या तेलात भिजवायच्या आणि मोजून तेल घालून परत बसवायचं. हे शेवटचं काम गिऱ्हाइकानं करायचं नाही. आमच्या पोटावर पाय कशाला?

मी हे मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. बोलणारा गोरा काय बोलत होता ते देवाला माहीत, पण त्याचे हात कसे फिरतात ते मला कळत होतं. पहिला शॉकअप मी बिघडवला, दुसरा जमला. नंतर नंतर डॉक्टर लोकांच्या भारी भारी सायकली माझ्या कडुनिंबाला लटकायला लागल्या आणि मी थोडा चढलो. खोटं कशाला सांगू? गिऱ्हाइकाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय मला काम केल्यासारखंच वाटायचं नाही.

ऐकवावं अशी गिऱ्हाइकंही भेटली म्हणा. एका जिनिंगवाल्या शेठजींचा हवेचा शॉकअप जरा बसका वाटत होता. त्याची हवा छोट्या हातपंपानं, काट्यावर नजर ठेवून भरायची असते, कारण आत जागा असते वाटीभर. शेठजी सायकल घेऊन गेले ट्रकच्या टायरवाल्याकडे. त्यानं कॉम्प्रेसरची नळी लावली आणि सील असं फाटलं की तेलाची पिचकारी शेठजींच्या पांढऱ्या शर्टावर. माझ्याकडे आले तर माझ्यावरच गरम. म्हणे, “टायरमंदी हवा, यातबी हवा. हवा तं एकच असते ना?” मी म्हटलं, “हो शेठजी, आन् तुमच्या फुफ्फुसातबी तेच असते. लावू का कॉम्प्रेसर?”

घाटाखालच्या एका दूधवाल्याला त्याच्या साळ्यानं पुण्याहून शॉकअपची सायकल पाठवली. यानं हँडलला दोन्हीकडून दुधाच्या कॅना लटकवल्या. आठ दिवसांत दुकानात हजर. “भाऊ, याले वेल्डिंग मारून द्या.” मी विचारलं, “काहून?” तर म्हणतो, “घरून दूध घेऊन निघतो, आन् गावात येतपर्यंत वर लोनी तरंगून राह्यलं. बायका म्हनते, दूध दे, ताक कायले आनतं?” मी शॉकअप काढून साधा चिमटा टाकून दिला. काढलेला शॉकअप त्यानं घरी नेऊन भिंतीला टांगला, पाहुण्यांना दाखवायला.

सुजाता सिस्टर या सगळ्यांपेक्षा वेगळ्या होत्या. त्यांना शॉकअपची हौस नव्हती, गरज होती.

सिस्टर म्हणजे उपकेंद्राच्या नर्स. वय छत्तीस-सदतीस. त्यांच्याकडे दोन गावं, एक तांडा आणि डोंगराच्या अंगाला असलेले दोन पोड. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. तिकडं एसटी जात नाही, ऑटो फक्त बाजाराच्या दिवशी. सिस्टर आधी स्कूटीनं जायच्या. एकदा रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मनगटात प्लेट बसवली. हाड जुळलं, पण स्कूटीचा ॲक्सिलेटर पिळला की कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी सांगितलं, पिळायचं काम बंद आणि हाताला हादरे बसू द्यायचे नाहीत.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हेच घेऊन आल्या होत्या. “काका, सायकलीनं जमंल का? सायकलीले पिळा लागत नाही. पन वाट दगडाची हाय, आन् हादरा बसला तं हात जाईन माहा. सुई याच हातानं टोचतो मी. हात थरथरला तं लेकरायले कशी टोचू? आन् बदली मागितली तं पोडात दुसरं कोन येते?”

मी त्यांना एका डॉक्टरांची जुनी सायकल मिळवून दिली. हवेचा शॉकअप, चांगला, नळ्यांवर ओरखडासुद्धा नाही. त्यांच्या वजनाप्रमाणे हवा बसवली, मागं लसीच्या डब्यासाठी कॅरियर जोडलं, आणि म्हटलं, “या शॉकअपच्या भरवशावर बिनधास्त जा. काही झालं तं मी हावो.” असं मी बोलून गेलो. बोलायला काय जातं?

दोन पावसाळे त्या सायकलीवर गेल्या. पुसायचं सांगितलं तर खरंच पुसायच्या, हँडलला पिशवीत फडकं बांधलेलं असायचं. एकदा मी त्यांच्यासमोर शॉकअपच्या पायात तेल भरत होतो. दहा मिली लागतं. मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजायचो. सिस्टर पाहत होत्या. म्हणाल्या, “काका, झाकनानं कोनी डोस देते का?” मी म्हटलं, “मंग तुमच्या डब्यातली एक सिरिंज द्या.” म्हणाल्या, “थे सरकारी हाय. मेडिकलमधून आना.” आणली. त्यांनी मला सिरिंज उभी धरून नखानं टिचकी मारायला शिकवलं, म्हणजे हवेचा बुडबुडा वर येतो आणि माप बरोबर बसतं. माझ्या साठीत मला कोणीतरी माझंच काम शिकवलं आणि मला राग आला नाही, यावरून समजा.

आता खंडेनवमीचं सांगतो.

माझे वडील सुतार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते रंधा, करवत, वाकस, पटाशी सगळं पुसून ओळीनं मांडायचे. लाकडी मुठींना जवसाचं तेल चोळायचे आणि मग हळद-कुंकू. जवसाचं तेल साधं नसतं. ते लाकडात मुरतं आणि हळूहळू वाळून त्याची पातळ कातडी होते. मूठ वर्षभर गुळगुळीत राहते. मी सुतारकी केली नाही, पण ते तेल मात्र सोडलं नाही. खंडेनवमीला दुकानात जेवढ्या सायकली असतील, माझ्या असोत की गिऱ्हाइकाच्या, सगळ्यांना जवसाच्या तेलाचं बोट, त्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. काळ्या सायकलींना मी हँडलला लावायचो, आणि काळी सायकल काय, तिला डांबर लावलं तरी तक्रार करत नाही.

शॉकअपवाले गिऱ्हाईक त्या दिवशी सायकल आपापल्या घरी नेत, घरच्या पूजेला. माझ्याकडे राहायची ती एक सिस्टरचीच. कारण सिस्टर बौद्ध घरातल्या. दसऱ्याला पांढरी साडी नेसून घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. चारपाच दिवस सायकल लागायची नाही, म्हणून माझ्याकडे सोडून जायच्या. “काका, येतपर्यंत सर्व्हिसिंग करून ठेवा,” असं म्हणून. पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं, कुठं जाता म्हणून. त्यांनी सांगितलंही होतं.

तर मी शॉकअप उघडायचो, पुसायचो, कड्या भिजवायचो, दहा मिली मोजून घालायचो आणि व्यवस्थित बसवायचो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच शॉकअपला हळद-कुंकू लावायचो. कुठं? तर नळीवर, सीलच्या जरा वर. चकचकीत नळीवर कुंकू लई उठून दिसतं. जगाला सांगत फिरणारा मी, नळीला तेल चोळू नका म्हणून, आणि हे तेल मला तेल वाटतच नव्हतं. ते खंडेनवमीचं होतं.

दुसऱ्या वर्षी तर जरा जास्तच लावलं. त्या पावसाळ्यात ब्रेकच्या तारेनं माझा अंगठा उभा चिरला होता आणि सिस्टरनं आठ दिवस येता-जाता दुकानात थांबून पट्टी बदलली होती. त्या मायेनं मी पाची बोटं भरून तेल ओढलं दोन्ही नळ्यांवर.

थंडी पडली तशा सिस्टर आल्या. “काका, शॉकअप जाम वाटून राह्यला.”

मी सुरू झालो. वॉशिंग सेंटरवर धुतली का? नाही. नाल्यातून काढली का? नाही. कोणाला चालवायला दिली का? कुठं आपटली का? पुसता की नाही? त्या प्रत्येकाला नाही, नाही, हो म्हणत राहिल्या. मी हँडल दाबून पाहिलं. जड होता खरा. पण दीड महिन्यापूर्वी मीच उघडून बसवलेला शॉकअप. त्याच्या आत काही निघणं म्हणजे माझ्या हातात खोट निघणं. मी उघडला नाही. थोडी हवा कमी केली, नळ्या पुसल्या आणि म्हटलं, थंडीनं होते असं.

पंधरा दिवसांनी परत आल्या. या वेळी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती आणि मला बोलायला माणसं असली की अंगात येतं. “सिस्टर, गाडी सांभाळा लागते. पोडाच्या वाटेची धूळ जाऊन राह्यली आत. वरवर फडकं फिरवून होत नाही.” त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, “उद्या लसीकरन हाय पोडावर. जाता येईन ना?” मी म्हटलं, “जा, काही होत नाही.”

त्या दिवशी काही झालं नाही हे खरं. संक्रांतीनंतर झालं.

सकाळची अकराची वेळ. सिस्टर सायकल डाव्या हातानं ढकलत पायी आल्या. उजवा हात ओढणीत गळ्याला बांधलेला. मी उठून उभा राहिलो.

“पडल्या?”

“नाही, पडली नाही,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. “पोडाच्या अलीकडं थो कोरडा नाला हाय ना, तिथं काल चाक दगडावर गेलं. शॉकअप बसलाच नाही काका. जसा लोखंडाचा दांडा. सगळा मार मनगटात आला. बोटं झिनझिन करायले लागली. पुढं पोडात दोन लेकरं होती टोचायची. सिरिंज धरली तं हातातून सुटली. पोडातल्या आशाताईनं डबा घेतला, मी तशीच परत आली.”

“डॉक्टर?”

“फोटो काढला. प्लेटचा स्क्रू सरकला म्हनते. परत खोलायचं हाय. तीन महिने सायकल नाही. आन् पकड पहिल्यावानी येईन का नाही, थे तेव्हाच समजंल म्हनते.” मग त्यांनी सायकलकडे पाहिलं. “हे पाहून ठेवा. घाई नाही.”

त्या गेल्यावर मी शॉकअप उघडला. आधीच उघडायला पाहिजे होता, हे लिहायची गरज नाही, पण लिहितो. खालचे दोन बोल्ट काढले, रबरी हातोडीनं ठोकलं, पाय खाली उतरेचनात. एरवी दोन टोल्यांत उतरतात. ओढून काढले तर सीलच्या ओठाला आतून पिवळट-तपकिरी डिंक चिकटलेला. डिंकच तो, नख मारलं तर पापुद्रा निघत होता. स्पंजची कडी वाळल्या भाकरीसारखी कडक. धूळ असंल, असं मी स्वतःशी म्हटलं. ती कडी उन्हात धरली. तिच्यात लाल कण होते. आमच्या इकडची माती काळी. लाल धूळ आमच्याकडे नाहीच.

मी सिस्टरना फोन लावला. का लावला, तर दुसरा कोणी गुन्हेगार सापडला तर पाहावा म्हणून. विचारलं, “सिस्टर, दसऱ्याले घरी पूजा गिजा केलती का सायकलीची?”

“नाही काका. आमच्याकडं नाही करत.”

हे काय मला माहीत नव्हतं? मी फोन ठेवला. घरी गेलो आणि देवळीतली जवसाच्या तेलाची बाटली काढली. झाकण फिरेना. बायको म्हणाली, “थे चिकटलं. जवस वाळला का असाच होते, गरम पान्यात धरा लागते.” तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, वडिलांच्या रंध्याच्या मुठीवरून लहानपणापासून ठाऊक होतं. लाकडात मुरणारं तेल लोखंडावर कुठं मुरणार? ते वरच वाळलं, शॉकअप खालीवर झाला तसं सीलच्या आत ओढलं गेलं आणि हळदकुंकवासकट तिथंच गोठलं. दोन दसरे. पहिल्या वर्षी पातळ होतं, सर्व्हिसिंगला पुसलं गेलं, म्हणून निभावलं. दुसऱ्या वर्षी माझी माया जास्त झाली. त्या बाईला चार माणसांत मी म्हटलं होतं, गाडी सांभाळा लागते.

ऑपरेशन झाल्यावर मी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. खाटेजवळ त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “सायकलीचे मिस्त्री ना तुम्ही? लय सांगते हे तुमचं.” सिस्टरनं विचारलं, “सापडलं का काका काही?” मी म्हटलं, “धूळ गेलती आत.” आणि मोसंबी ठेवून निघून आलो. जिना उतरताना मला माझीच लाज वाटली, पण परत वर गेलो नाही.

तीन महिन्यांत मी त्या शॉकअपचं जेवढं केलं तेवढं कोणाच्याच सायकलीचं केलं नाही. डिंक काढला, सील नवे बसवले, कड्या नव्या, नळ्यांवर दोन बारीक ओरखडे पडले होते ते हातानं घोटून जातील तेवढे घालवले. चार वेळा उघडला, चार वेळा बसवला. मन काही भरत नव्हतं. लोखंडाचं दुरुस्त होतं हो. रोज वाटायचं, तिकडं त्या बोटांचं काय झालं असंल? विचारायला फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो.

ऊन तापायला लागलं तशा सिस्टर आल्या. हात मोकळा होता. मनगटावर जुन्या खुणेशेजारी नवी खूण. “पकड आली काका,” त्या म्हणाल्या. “करंगळी अजून बधिर हाय, पन सुई धरता येते. मागच्या आठवड्यापासून टोचून राह्यली.” मला एकदम हलकं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उगाच पाना शोधायला वाकलो.

त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवर भार दिला. शॉकअप गुमान खाली गेला, गुमान वर आला. पुन्हा दाबून पाहिला. “आता कसा नव्यावानी चालून राह्यला. खरंच धूळच होती का?”

पुन्हा हो म्हणता आलं असतं. त्या विश्वासानं विचारत होत्या आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

“धूळ नव्हती सिस्टर,” मी म्हटलं. “खोटं बोललो मी दवाखान्यात. तेल होतं, माह्या हातचं. जवसाचं. खंडेनवमीले लावतो मी सगळ्यायले, तसं तुमच्याबी लावलं. थे वाळून आत बसलं. कुंकूबी माहंच होतं. तुमचा हात माह्यामुळं गेलता.”

त्यांनी नळीवरून बोट फिरवून पाहिलं. मला वाटलं आता चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तेलाचं मले माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कुंकवाचं माहीत होतं. दोनी वर्सं पाहिलं मी. सायकल घेऊन निघाली का लोहाऱ्याच्या पुढं थांबायची आन् रुमाल ओला करून पुसायची. तसं घरी नेता येत नाही आमच्याकडं.” मग म्हणाल्या, “पन खाली ओढत पुसलं मी. म्हंजे आत मीच ढकललं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही काही केलं नाही.” आणि मग माझ्या तोंडून निघून गेलंच, सवय कुठं जाते. “पन मले सांगितलं काहून नाही? एका शब्दानं म्हनायचं, काका, माह्या सायकलीले लावू नका.”

“मायेनं लावलं असंल म्हनून गप राह्यली.” त्यांनी हँडलवरचा हात काढला. “आन् काका, तुम्ही सगळं विचारता. धुतली का, आपटली का, कोनाले देल्ली का. दसऱ्याले मी कुठं जातो थेबी विचारलं होतं तुम्ही, आन् मी सांगितलं होतं. मंग लावू का, एवढंच काहून नाही विचारलं?”

सबबी सुचत होत्या. सगळ्यांनाच लावतो, आजवर कोणी काही म्हटलं नाही, वडिलांपासून चालत आलं. त्यातली एकही तोंडातून काढावीशी वाटली नाही.

“मले वाटलंच नाही सिस्टर,” मी म्हटलं, “का हे विचारा लागते.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “तेच तं.”

मग त्यांनी लसीचा डबा कॅरियरवर ठेवला, दोरीची गाठ उजव्या हातानं ओढून पाहिली, आणि पोडाच्या वाटेला लागल्या.